रेवतीने चहा का केला?

रेवती थोबाडीत मारणार, याबद्दल लेखनकक्षात कुणालाच शंका नव्हती.

ती होतीच तशी. ‘दोन चुली’ मालिकेच्या सुरुवातीलाच तिने बसस्टँडवर अंगाला खेटणाऱ्या एका माणसाची कॉलर धरून त्याला कंट्रोलरच्या खिडकीपुढे उभं केलं होतं. साखरपुड्याच्या जेवणात तिच्या कमरेवर नजर ठेवून शेरे मारणाऱ्या नवऱ्याच्या मित्राला तिने भर पंगतीत ऐकवलं होतं, “भावजी, पानात काय वाढलंय ते बघा आधी.” ते वाक्य महिनाभर पोरींच्या तोंडी होतं. त्यामुळे आता चुलतसासरे अण्णासाहेब तिला धान्याच्या कोठीत गाठणार आणि तिचा हात उठणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. दिग्दर्शक विश्वास मगदूम यांनी तर त्या थपडेचा आवाज कसा घुमवायचा तेही ठरवून ठेवलं होतं.

मालिकेची लेखिका उल्का सरनोबत हिने प्रसंग ‘अंतरंग’ या यंत्रात घातला. दुपार. घरात पाहुणे. रेवती साखर आणायला कोठीत येते. अण्णासाहेब मागून येतात, दार लोटतात, तिला भिंतीशी दाबून धरतात. बाहेरून कुणीतरी हाक मारतं, तेव्हा सोडतात.

भिंतीवरच्या पडद्यावर रेवतीच्या नाडीची रेघ उसळली आणि मग अचानक खाली आली. स्पीकरमधून श्वास ऐकू येत होता. तोही जवळजवळ थांबला. कक्षातल्या सगळ्यांनी कान टवकारले.

“अण्णा,” रेवतीचा आवाज आला, अगदी रोजचा, “तुमच्या चहात साखर घालायची ना? की डॉक्टरांनी बंद केलीय?”

आणि ती स्वयंपाकघरात गेली. पाहुण्यांसाठी चहा केला. कपबश्या मांडल्या. कुणाला बिनसाखरेचा हवा ते विचारलं.

“खुळं झालंय मशीन,” मगदूम म्हणाले. “पुन्हा चालव गं.”

उल्काने पुन्हा चालवलं. या वेळी रेवती हसली, “काहीतरीच काय अण्णा,” असं म्हणाली आणि साखरेचा डबा घेऊन निघाली. पुन्हा चहा.

मग गंमत म्हणून उल्काने त्याच कोठीत थोरली जाऊ सुशीला हिला पाठवलं. सुशीला म्हणजे डोक्यावरचा पदर न ढळू देणारी, सासऱ्यांसमोर खाली बघून बोलणारी बाई. तिने अण्णासाहेबांच्या मनगटाचा असा चावा घेतला की ते ओरडले, आणि मग ती इतक्या मोठ्याने किंचाळली की शेजारची माणसं दारात आली.

मगदूमांनी कपाळाला हात लावला. उल्काला मात्र अंगावर बारीक काटा आल्यासारखं झालं. चूक सापडल्यावर येतो तसा नव्हता तो. काहीतरी खरं हाती लागल्यावर येतो, तसा होता.

*

त्याआधीची काही वर्षं मालिका लिहिणारी यंत्रं नुसत्या भाषेवर चालत. लाखो जुने संवाद पचवून, अशा वेळी साधारणपणे काय बोललं जातं, ते ती पुढे करत. परिणाम असा झाला की प्रेक्षक पुढचं वाक्य पात्राच्या आधी म्हणू लागले, आणि मग बघायचेच बंद झाले.

‘अंतरंग’ वेगळं होतं. त्यात आधी देह तयार होई. नाडी, श्वास, स्नायूंचा ताण, झोप, भूक. त्यावर आठवणींचा थर चढवला जाई: लहानपणी कुणी मारलं, कुणी जवळ घेतलं, कुठल्या वासाने पोटात ढवळतं. मग प्रसंग घातला की मेंदूतला धोका ओळखणारा भाग सर्वांत आधी उसळे. विचार करणारा भाग त्यानंतर जागा होई, किंवा होतही नसे. त्या देहाला त्या क्षणी जे जमेल तेच पात्र करी. शब्द सगळ्यात शेवटी येत. कथा माणसंच लिहीत, अभिनय माणसंच करत. अंतरंग फक्त एवढंच सांगे की या बाईचं या ठिकाणी काय होईल.

ते तयार करणाऱ्या डॉ. यास्मिन मुजावर मूळच्या मिरजेच्या. मज्जासंस्थेच्या अभ्यासात त्यांची निम्मी हयात गेली होती. उल्काने फोन केल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या कोल्हापूरच्या स्टुडिओत आल्या आणि प्रसंग चालवलेल्या प्रत्येक खेपेच्या, म्हणजे प्रत्येक ‘धावे’च्या, रेघा त्यांनी शांतपणे पाहिल्या.

“यंत्र बिघडलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्या रेवतीला टक लावून बघणारे, खेटणारे, शेरे मारणारे लोक ठाऊक आहेत. ते परके असतात. त्यांच्यासाठी तिचा हात तयार आहे, जीभ तयार आहे. हा सराव आहे तिचा. पण अण्णासाहेबांनी तिचं कन्यादान केलंय ना?”

“हो,” उल्का म्हणाली. “तिला वडील नाहीत, माहेरी दुसरंही कुणी नाही. म्हणून त्यांनीच केलं.”

“मग या हातासाठी तिच्या देहाकडे कुठलीच वाट नाही. लढायचं की पळायचं हे ठरत नाही, तेव्हा शरीर तिसरं काहीतरी करतं. थिजतं. आणि थिजलेल्या माणसाला जी कामं झोपेतही येतात, ती होत राहतात. लोकांना वाटतं, तिला काही झालंच नाही.”

“आणि सुशीला?”

मुजावर मॅडम हसल्या. “ती गप्प बाई. पण तिच्या आठवणी तूच लिहिल्यास ना? लग्न झाल्यापासून तिला या घरातल्या पुरुषांची भीती वाटते. म्हणजे मनातल्या मनात ती किती वेळा त्या कोठीत गेली असेल! तिची तालीम झालेली आहे.”

उल्काने जरा घुटमळत विचारलं, “मॅडम, आपण हे पुन्हा पुन्हा चालवतो, तेव्हा तिला दुखतं का?”

“हवामानखात्याच्या नकाशात वादळ आलं म्हणून नकाशा भिजत नाही,” त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, “निदान मी तरी असं समजते. पण विचारत राहा.”

*

मगदूम तयार होईनात. “अगं, लोक थपडेसाठी बसलेत. चहा कोण बघंल?”

“सगळेच,” उल्का म्हणाली. “सर, असं कुणी दाखवलेलंच नाही.”

शेवटी ते तयार झाले, पण कोठीतला प्रसंग कसा टिपायचा यावरून पुन्हा अडलं. मगदूमांच्या मनात अण्णासाहेबांच्या नजरेतून दृश्य होतं: रेवतीची पाठ, खांद्यावरून सरकणारा पदर, सगळं संथ गतीत. उल्काने विचारलं, “सर, असा कॅमेरा लावला तर प्रेक्षक कुठं उभा राहील?”

वीस वर्षं मगदूम असेच कॅमेरे लावत आले होते. बऱ्याच वेळाने ते कॅमेरामनला म्हणाले, “भिंतीकडं फिरीव. तिला काय दिसतंय ते दाव.”

रेवतीचं काम करणारी अवनी कुलथे तर रडकुंडीला आली. “उल्काताई, रडायचं नाही, थरथरायचं नाही, डोळे मोठे करायचे नाहीत. मग लोकांना कळणार कसं?”

उल्काने तिला अंतरंगच्या रेघा दाखवल्या. हात स्थिर होते. पण ऐकू येणं मंदावलं होतं, जणू सगळं घर विहिरीच्या तळाशी गेलंय. अवनी बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. चित्रीकरणात तिने प्रत्येक पाहुण्याला साखरेचं दोनदा विचारलं. उत्तर मिळालं तरी पुन्हा विचारलं. बाकी काही केलं नाही. दृश्य संपल्यावर सेटवर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे जागच्या जागी उभे होते.

भाग दाखवला गेला आणि गदारोळ उठला. ‘आमच्या रेवतीचं काय केलंत?’ अशा तक्रारींचा पाऊस पडला. एकाने लिहिलं, खरी बाई असती तर ओरडली असती. ज्या अर्थी चहा केला, त्या अर्थी तिची ना नव्हती. त्याच्या खाली गडहिंग्लजच्या एका वयस्क बाईंनी एकच ओळ लिहिली: ‘मी भाकरी थापल्या होत्या.’ मग त्या ओळीखाली ओळी येऊ लागल्या. कुणी परीक्षेचा पेपर लिहिला होता. कुणी हळदीकुंकवाला गेली होती. एकीने लिहिलं होतं, ‘मी त्याला थँक यू म्हटलं होतं, अजून कळत नाही का.’

उल्का ते वाचत बसली. या सगळ्या बायकांनी आजवर टीव्हीवर थपडाच पाहिल्या होत्या. थपडा बघूनच त्यांनी स्वतःला दोष दिला असेल, असं तिला वाटून गेलं.

*

उल्काचा नवरा सारंग अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्रशास्त्र शिकवायचा. मोजून बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्याचा स्वभाव होता, आणि त्याच्या या सरळपणावरच उल्का भाळली होती. महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीवर त्याची नेमणूक झाली, तेव्हा तिला बरंच वाटलं होतं.

एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, “उल्का, एक काम आहे. नावं सांगत नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका मुलीने तिच्या विभागप्रमुखावर तक्रार केलीय. तुझ्या मालिकेसारखीच. पण घटनेनंतर तीनच दिवसांनी स्टाफची राधानगरीला सहल गेली. तिथे ही गाणी म्हणतेय, अंताक्षरी खेळतेय, फोटोत त्याच माणसाशेजारी उभी आहे. पहिल्या बैठकीत मी तिला विचारलं, मग सहलीत तुम्ही गाणी कशी म्हटलीत?”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, माहीत नाही सर. तेव्हापासून हो-नाहीपलीकडे बोलत नाही. आता ती तक्रार मागे घेणार असं कानावर आलंय.” त्याने भाताचा घास हातातच ठेवला. “मला खरंच कळत नाही गं, काय झालं असेल. तो माणूस गेली पंचवीस वर्षं सज्जन म्हणून ओळखला जातो. त्याचा वकील म्हणतोय की अंतरंगमध्ये त्या मुलीचं प्रतिमान बनवा, तुझ्या रेवतीसारखं. ती तसं वागेल का ते दिसेल. मला ते पटतंय. यंत्राला कुणाची बाजू नसते. मुजावर मॅडमना विचारशील?”

नाही म्हणावं असं उल्काला क्षणभर वाटलं. पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. खऱ्या माणसाचं प्रतिमान! ती मुलगी सहलीत का गायली, ते तिच्या आतून ऐकायला मिळेल. ती म्हणाली, “विचारते.”

तिने फोनवर सगळं सांगितलं. मुजावर मॅडम म्हणाल्या, “आधी रेवतीवर करून बघ. एकदा-दोनदा नको. पुष्कळदा कर, आणि दर वेळी काहीतरी क्षुल्लक बदल. मग मला फोन कर.”

उल्काने तो आठवडा त्यातच घालवला. रेवतीला आदल्या रात्रीची झोप कमी दिली; रेवतीने अण्णासाहेबांना ढकललं. पाहुण्यांत तिची मैत्रीण बसवली. रेवती कोठीतच ओरडली. चुलीवर दूध तापत ठेवलं. रेवती दुधाकडे धावली आणि त्याबद्दल पुढे कधी बोललीच नाही. एकदा तर तीच परिस्थिती, तेच पाहुणे, तीच झोप, आणि तरी चहाऐवजी थप्पड आली. कारण काय, तर नाडीच्या रेघेतला एक नगण्य फरक. तीच बाई, तोच माणूस, तीच कोठी. चहा, थप्पड, हसू, किंचाळी, मौन.

तिने फोन लावला. “मॅडम, रेवती काय करेल ते सांगताच येत नाही.”

“मग त्या मुलीने काय केलं असतं, ते मी कशी सांगू?” मुजावर मॅडम म्हणाल्या. “हे यंत्र काय काय होऊ शकतं ते दाखवतं. काय झालं ते नाही. मी तिचं प्रतिमान बनवून देणार नाही. आणि दुसरं कुणी बनवलं, तर त्या धावांमधून वकील त्याला हवी ती उचलेल.”

“पण एक गोष्ट मात्र प्रत्येक वेळी सारखी दिसली,” उल्का म्हणाली. “प्रसंग झाल्यावर मी कुतूहल म्हणून पुढचे दिवसही चालवले. रेवती कुणाला सांगते का ते बघायला. ती सांगते की नाही, किती सांगते, हे तिने कोठीत काय केलं त्यावर ठरत नाही. ज्याला ती सांगायला जाते, तो पहिल्यांदा काय बोलतो, त्यावर ठरतं.”

मुजावर मॅडम म्हणाल्या, “हे मी कधी तपासलंच नव्हतं.”

*

दरम्यान वाहिनीचा प्रस्ताव आला. मालिकेच्या चर्चेवर स्वार होऊन त्यांना नवा कार्यक्रम हवा होता: गाजलेल्या खऱ्या तक्रारी घ्यायच्या, तक्रारदार बाईचं प्रतिमान अंतरंगमध्ये बनवायचं, आणि ती खरी की खोटी याचा प्रेक्षकांनी कौल द्यायचा. लेखन उल्काचं.

मगदूमांच्या देखतच तिने नकार दिला. ते काही म्हणतील म्हणून ती वाट बघत होती. मगदूमांनी पान जुळवलं, तोंडात टाकलं. “बरं केलंस. उद्या माझ्या लेकीलाबी बसवतील त्यात,” ते म्हणाले आणि सेटवर निघून गेले.

सारंगला मात्र मुजावर मॅडमचा नकार पटला नाही. “तू म्हणतेस ते तर्काने कळतं,” तो म्हणाला. “पण मग आम्ही ठरवायचं तरी कशावरून? मी तिला नीटच विचारलं होतं. आवाजही चढवला नव्हता.”

“उद्या सुट्टी आहे ना तुला? स्टुडिओत ये,” उल्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला मायक्रोफोनसमोर बसवलं. पडद्यावर रेवतीच्या दोन रेघा होत्या, नाडी आणि श्वास. “तू तिचा नवरा मंदार आहेस. ती तुला मंदारच समजेल. घटनेला चार दिवस झालेत आणि ती तुला सांगायला आलीय. आत्ताच म्हणालीय की अण्णांनी मला कोठीत धरलं. बोल तू.”

सारंग जरा ओशाळला. मग घसा साफ करून म्हणाला, “रेवती, मला सगळं सांग. पण आधी एक सांग, तू ओरडली का नाहीस?”

श्वासाची रेघ खाली गेली. “माहीत नाही,” रेवती म्हणाली. थोड्या वेळाने, “उद्या तुझा डबा लवकर लागणार आहे ना?”

त्यानंतर ती पुढच्या सगळ्या दिवसांत त्याविषयी काही बोलली नाही. उल्काने धाव पुढे पळवून दाखवलं.

“मागे ने तिला,” सारंग म्हणाला. “मी चुकीचं सुरू केलं.” उल्काने मागे नेलं. तो मऊ आवाजात म्हणाला, “माझा पूर्ण विश्वास आहे तुझ्यावर. मला फक्त समजून घ्यायचंय, त्यानंतर तू सगळ्यांना चहा कसा काय केलास?”

“चुकलंच माझं,” रेवती म्हणाली.

“मी कुठे चूक म्हटलं?” सारंग एकदम बोलून गेला. पण रेघ केव्हाच सपाट झाली होती.

“पुन्हा मागे ने.” या खेपेला त्याने टेबलावर मूठ आपटली. “त्या माणसाला मी सोडणार नाही! आत्ताच्या आत्ता जातो!”

“अरे, शांत हो आधी,” रेवती म्हणाली. आवाज घाबरा झाला होता. “बस. तुझा बीपी वाढेल. जाऊ दे, एवढं काही नाही झालं.” आणि ती त्याचीच समजूत घालत राहिली.

सारंगच्या कपाळावर घाम आला होता. त्याने आणखी दोन-तीनदा तिला मागे न्यायला लावलं. प्रत्येक वेळी त्याचा प्रश्न आधीपेक्षा सौम्य होता, आणि प्रत्येक वेळी आत कुठेतरी ‘का’ होताच. शेवटी त्याच्याकडे विचारायला काही उरलं नाही. त्याने हात टेबलावर ठेवले आणि तो नुसता बसून राहिला. उल्कानेही काही सुचवलं नाही.

“मंदार, ऐकतोयस ना?” रेवतीने विचारलं.

“हो.”

श्वासाची रेघ हलली. वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली.

“बाहेरून कुणीतरी हाक मारली, म्हणून त्यांनी सोडलं,” रेवती म्हणाली. “आणि मग माझ्या पदराला पीठ लागलं होतं, ते त्यांनी झटकलं. त्यांनीच. लहान मुलीचं झटकावं तसं. लग्नाच्या दिवशी अक्षता झटकल्या होत्या ना, अगदी तसं. मला वाटलं, म्हणजे आधीचं झालंच नसेल. ज्याने झटकलं तो ते कसं करेल? मग मी म्हटलं, चहा करावा. चहा करता येतो मला.”

ती बोलत राहिली. गोण्यांचा वास, त्यांच्या अंगठीचा गारवा, रात्री तिने साडी धुतली आणि पुन्हा धुतली ते. मधे ती रडली, मधे एकदा रागाने तिचा आवाज फुटला. सारंग प्रत्येक थांब्यावर फक्त “हो” म्हणत होता.

आवाज थांबल्यावर त्याने मायक्रोफोन बाजूला सारला.

“मागे नेऊ?” उल्काने विचारलं.

“नको.” त्याने चष्मा काढला. “हिला चार-पाच वेळा मागे नेलंस तू. त्या मुलीला मी पहिल्याच बैठकीत विचारलं, उल्का. सगळ्यांच्या देखत. तिला कसं मागे नेणार?”

*

पुढच्या बैठकीत त्याने काय मांडलं, तेवढं त्याने उल्काला सांगितलं, कारण ते त्याचं स्वतःचं होतं. तो म्हणाला की सहलीतलं गाणं हा कशाचाच पुरावा नाही, ना घडल्याचा ना न घडल्याचा. ते आणि तो फोटो दोन्ही बाजूला ठेवा. अंतरंगची मागणी फेटाळा. आणि आपला प्रश्न चुकीचा होता, हे त्या मुलीला समितीनेच कळवावं.

अध्यक्ष पाटणकर मॅडमनी तसं कळवलं. मुलीने तक्रार मागे घेतली नाही. पुन्हा बोलायला ती तयार झाली, एका अटीवर. सारंग सर आत नकोत.

हे ऐकून उल्काला त्याच्यासाठी वाईट वाटलं. “तू चूक कबूल केलीस तरी?”

“तिने का म्हणून धोका पत्करावा?” सारंग म्हणाला. “मी समितीतून बाजूला होतोय. माझ्या जागी दुसरं कुणी येईल.”

बैठकीच्या दिवशी त्याने दोन तास वर्ग घेतला आणि मग, दुसरीकडे लक्ष लागेना म्हणून, समितीच्या खोलीसमोरच्या व्हरांड्यात जाऊन बसला. दार बंद होतं. आतून आवाज येत नव्हता. दुपार उलटून गेली तरी दार उघडलं नाही. मग मात्र त्याला वाटलं की आपण इथे बसणंही बरोबर नाही. ती बाहेर आली आणि पहिलं आपलंच तोंड दिसलं तर? तो उठून घरी आला.

उल्का त्याची वाटच बघत होती. “काय सांगितलं तिने?”

“मला माहीत नाही.”

“पण काही तर कळलं असेल. बोलली का ती? किती वेळ?”

“माहीत नाही गं,” सारंग म्हणाला. “आणि यापुढेही कळणार नाही.”

कित्येक महिने उल्का कुणाच्याही मनात हवं तेव्हा उतरत होती. नाही पटलं तर मागे जायचं, पुन्हा उतरायचं. इथे एक दार तिच्यासाठी बंद होतं आणि ते उघडायचा तिला काहीच हक्क नव्हता. तिला आधी हुरहूर वाटली, मग थोडी लाज, आणि मग का कुणास ठाऊक, हलकं वाटलं.

चौकशी पुढे नेहमीच्या रस्त्याने गेली. प्रयोगशाळेच्या दाराच्या नोंदी मागवल्या गेल्या, माणसांचे जबाब झाले. आधी नोकरी सोडून गेलेल्या दोन जणी आपणहून आल्या. पावसाळ्याच्या अखेरीस विभागप्रमुखांना काढून टाकल्याची सूचना फलकावर लागली. कारण म्हणून एक ओळ होती, नाव कुणाचंच नव्हतं.

‘दोन चुली’त रेवतीने जे सांगायचं ते मंदारला नाही, सुशीलेला सांगितलं. पूर्ण भागभर एकीने बोलायचं आणि दुसरीने मटार सोलत ऐकायचं, एवढंच. तो भाग लिहायला उल्काने अंतरंग उघडलं नाही. का, ते मगदूमांनी विचारलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एके दिवशी सारंग कॉलेजातून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, “आज ती मुलगी जिन्यात भेटली. म्हणाली, सर, तुमच्या मुलांसाठी पंपाचा प्रयोग मांडून ठेवलाय, उद्या सकाळी पाठवा.”

उल्का हातातलं काम टाकून वळली. “कशी वाटली?”

सारंगने खरोखर आठवून बघितलं.

“घाईत होती,” तो म्हणाला. “तिची पुढची बॅच खोळंबली होती.”